आठवणीतून कथेकडे

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकावर कथा लिहू पाहतो, पण ती आठवणींचे टिपणच होते. काय करावे?

उत्तर : संपूर्ण प्रयोगाचा वृत्तान्त सांगण्याचा मोह सोडून तिसऱ्या घंटेपूर्वीची काही मिनिटेच निवडावीत, कारण मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा उग्र वास, विंगेतील दाटी आणि सर्वांचे संवाद पाठ असूनही भूमिका न मिळालेला, हाती संहिता धरून उभा असलेला प्रॉम्प्टर यांतच कथेचे बीज असते. मला नायकापेक्षा हा मुलगाच मोलाचा वाटतो. नायक अडखळला, तर तो शब्द पुरवील की क्षणभर गप्प राहील, हा प्रसंग प्रत्यक्षात घडला नसला तरी आपण निःसंकोच घडवावा. सहाध्यायांची खरी नावे मात्र बदलावीत.