सातवा महिना सुरू आहे. रात्री चार-पाच वेळा झोप मोडते, दिवसभर थकवा असतो. बाळाला धोका आहे का?

ताई, तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, 'हल्ली घोरायलाही लागलेय, नवरा हसतो.' मी प्रसूती विभागात नर्स आहे आणि मला आधी त्यावरच बोलायचंय.

लघवीला उठणं, छातीत जळजळ, कूस बदलताना जाग येणं हे या महिन्यांत बहुतेकींना होतं. तेवढ्यानं बाळाला काही होत नाही. नव्यानं सुरू झालेलं घोरणं मात्र नुसतं हसण्यावारी नेऊ नका. नाकाला आतून सूज येते, वजन वाढलेलं असतं, श्वासाची वाट अरुंद होते आणि काही जणींचा श्वास झोपेत मध्येच अडकतो. अशा बायकांमध्ये बीपी वाढणं आणि गरोदरपणातला मधुमेह जास्त दिसतो. घोरण्यानंच ते होतं असं म्हणता येत नाही, पण खूण म्हणून धरावं. नवऱ्याला एक रात्र लक्ष ठेवायला सांगा: घोरता घोरता आवाज थांबतो आणि मग दचकून मोठा श्वास घेतला जातो का? तसं असेल तर पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट बघू नका.

थकव्याचं म्हणाल तर हिमोग्लोबिन कधी तपासलंय? ११ च्या खाली असेल तर कितीही झोपलात तरी अंग जड राहणार. संध्याकाळी आडवं झाल्यावर पायांत किडे वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर तेही सांगा. त्यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नका. थायरॉइडही एकदा बघून घ्यावा.

२००४ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात, शेवटच्या महिन्यात रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या पहिलटकरणींच्या कळा लांबल्या आणि सिझेरियनही जास्त झाली. हे वाचून घड्याळाकडे बघत जागू नका. दुपारी कुणी 'किती झोपतेस' म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करा, एवढंच.

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर पडा, डावी-उजवी कुठलीही चालेल. जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, नुसती कूस बदला. झोपेची गोळी मनानं घेऊ नका.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज, बरगड्यांखाली दुखणं, बीपी १४०/९० किंवा त्याहून वर, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर थकव्यामुळे असेल म्हणून झोपून जाऊ नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. तळहात-तळपायांना रात्री खूप खाज सुटली, अंगावर पुरळ नसलं तरी, लगेच कळवा. त्यात यकृताची रक्ततपासणी करावी लागते.