वाचकांचे प्रश्न : बुजरं लेकरू आणि बोटांचे ठसे

प्रश्न : मला दोन मुलं. थोरला लग्नकार्यात मांडवभर हिंडतो. बारका पाच वर्षांचा, पाहुणे दिसले की माझ्या पदराआड. एकाच हातचं खाऊन असं कसं? सासूबाई म्हणतात, मामावर गेलाय. क्लासवाल्यांनी बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी चाचणी सुचवली आहे. करावी का?
— एक आई, अहमदपूर

उत्तर : करू नका. ठशांच्या रेषा गर्भात साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि त्यांचं वळण गर्भातल्या दाबासारख्या योगायोगांवरही ठरतं. म्हणून एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असूनही ठसे वेगळे असतात. स्वभाव मात्र त्यांचा बराच जुळतो. मग ठशांत स्वभाव वाचायचा तरी कसा?

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक दिसतो. हा आकडा समूहाचा आहे. बारक्याचा निम्मा बुजरेपणा मामाकडून आला, असा हिशोब त्यातून निघत नाही. आईबापांकडून लेकराला निम्मी-निम्मी जनुकं मिळतात, पण कोणती निम्मी, हे दर वेळी नव्यानं ठरतं. सख्खे भाऊ वेगळे निघतात ते यामुळेही.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी हलवत, अनोळखी आवाज ऐकवत. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून रडत, तर सुमारे ४० टक्के निवांत पडून राहत. रडणाऱ्यांपैकी पुढे बुजरी निघालेली जास्त, पण सगळी नव्हे. अशा मुलांच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग नवखं काही दिसलं की चटकन जागा होतो. बारका नाटक करत नाही, त्याच्या छातीत खरंच धडधडतं.

लग्नाला वऱ्हाड यायच्या अर्धा तास आधी पोचा आणि रिकामा मांडव त्याला हिंडून दाखवा. चारचौघांत ‘पाया पड, नाव सांग’ असा आग्रह नको. त्यापेक्षा अक्षतांचं ताट हातात द्या. बोलावं लागत नाही आणि माणसांशी गाठ पडते. सगळ्यात जास्त चूक होते ती रडताक्षणी उचलून घरी आणण्यात. भीती उतरायला थोडा वेळ लागतो. त्याआधीच निघालात, तर ‘पळालो म्हणून सुटलो’ एवढंच तो शिकतो. जवळ बसवा, उतरू द्या, मग निघा. आणि ‘हा लाजराच आहे’ हे त्याच्यादेखत कुणालाही बोलू देऊ नका, सासूबाईंनासुद्धा.

घरी घडाघडा बोलतो, पण शाळेत पहिला महिना सरल्यावरही महिनाभर शब्द नाही, किंवा हाक मारल्यावर बघत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हाकेला बघत नसेल तर आधी कान तपासा.

प्रश्न : आमचे मालक शांत होते. पंचेचाळिशीनंतर एकदम चिडके झाले. सासरे रागीट होते. राग रक्तातलाच म्हणायचा का?
— जिंतूर

उत्तर : रक्तातला राग बहुधा लहानपणापासूनच दिसतो. मध्येच पालटलेल्या स्वभावामागे आधी आजार शोधावा. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड वाढलं की चिडचिडीसोबत हात थरथरतात, घाम येतो, जेवण असून वजन उतरतं. झोपेत घोरताना श्वास अडकतो का, दारू वाढली आहे का, तेही पाहा. बोलण्यात किंवा दुकानाच्या हिशोबात गफलत व्हायला लागली असेल, तर थेट मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.