वाचकांचे प्रश्न : पोर्ट लुईसच्या घाटावर आडनाव बदलले का?

प्रश्न : आमचे खापरपणजोबा १८७०च्या सुमारास देवगडहून मुंबईमार्गे मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले, ते परतले नाहीत. तिथल्या कारकुनाने त्यांचे आडनाव बदलले, असे घरात सांगतात. उतरणाऱ्यांची नोंद कशी होत असे आणि ती आज मिळेल का? — एक वाचक, देवगड

उत्तर : मॉरिशसमधील गुलामगिरी १८३५ साली संपली आणि मळेवाल्यांनी कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून आणण्यास सुरुवात केली. पुढील सुमारे ७५ वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे पोर्ट लुईसच्या आवारात उतरली, ज्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. बोटीवर साथ असल्यास प्रवाशांना आधी वेगळे ठेवीत. एरवी दगडी पायऱ्या चढून आत गेल्यावर प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नोंदवहीत नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, उंची, एवढेच नव्हे तर अंगावरील खुणाही लिहिल्या जात. एक-दोन दिवसांत माणूस मळ्यावर रवाना होई. १८६०च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. मजूर पळाल्यास ओळखता यावा, हा त्यामागचा खरा हेतू होता, कौतुकाचा नव्हे.

आडनावाच्या कथेत मात्र थोडी गफलत दिसते. मुद्दाम बदल करण्यापेक्षा, कानावर पडले ते इंग्रजी अक्षरांत उतरवणे हाच प्रकार अधिक होता. त्या काळच्या कागदांत रत्नागिरीचेसुद्धा ‘रुटनाघेरी’ झालेले आढळते. शिवाय मॉरिशसमध्ये पूर्वजाचे पहिले नावच अनेकदा पुढील पिढ्यांचे आडनाव बनले. अमेरिकेत येणारे स्थलांतरित जिथे उतरत, त्या न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटाविषयीही अशीच दंतकथा आहे. प्रत्यक्षात तिथले कारकून निघालेल्या बंदरात तयार झालेली यादी पडताळून पाहत.

पोर्ट लुईसच्या या नोंदवह्या मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आडनावावर विसंबू नका. खापरपणजोबांचे पहिले नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, अंदाजे वर्ष आणि गाव त्या संस्थेला कळवा. जिल्हा रत्नागिरीच लिहा, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला आणि जुन्या वहीत तो सापडणे शक्य नाही. त्यांच्या कपाळावर वा हातावर एखादा व्रण असल्याचे घरातील वडीलधाऱ्यांना ऐकून आठवत असेल, तर तेही अवश्य लिहावे.