नोंदीत न उमटलेला लठ्ठपणा

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत रुग्णालयांच्या संगणकीय नोंदींवर संशोधन करते. लठ्ठ रुग्ण ओळखण्यासाठी निदानाचे कोड (प्रत्येक आजारासाठी नोंदीत भरला जाणारा ठरावीक संकेतांक) पुरेसे ठरतात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एकटे कोड पुरेसे ठरत नाहीत. ज्याच्या नोंदीत ‘ई६६’ हा लठ्ठपणाचा कोड आहे, तो रुग्ण बहुधा खरोखरच लठ्ठ असतो. परंतु ज्याच्या नोंदीत तो नाही, त्याला लठ्ठपणा नाही असे मुळीच मानता येत नाही. गुडघेदुखीसाठी आलेल्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या बाईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक; ३० पासून पुढे लठ्ठपणा) ३५ भरतो, तरी उपचार गुडघ्यावर होतात आणि कोडही बरेचदा गुडघ्याचाच पडतो. वजनाचा आकडा मात्र त्याच नोंदीत असतो. अमेरिकेत कोड मुख्यतः बिलासाठी भरले जातात, हेही विसरू नये. त्यामुळे केवळ कोडवरून काढलेले लठ्ठपणाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी येते, आणि त्यात अतिलठ्ठ रुग्णांचाच भरणा अधिक असतो. मोजलेली उंची व वजन उपलब्ध असेल, तर तुमच्या मुलीने तोच आधार धरावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र गर्भवतींच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि वजन पौंडात लिहिले आहे की किलोत, हे आधी तपासावे.