दुसरी बाटली उघडू नका आणि दुकानातही परत देऊ नका

पुण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: वडिलांच्या साठीला त्यांच्या जन्मसालाची, १९६४ ची फ्रेंच बोर्डो वाईन लायसन्सवाल्या दुकानातून घेतली, दोन बाटल्या, पक्कं बिल आहे. एक उघडली तर बुचावर साल नाही, चव अगदी ताज्या वाईनची. दुकानदार म्हणतो लॅब रिपोर्ट आणा, नाहीतर उरलेली बाटली द्या, दुसरा माल देतो. बिलाला वर्ष होऊन गेलंय.

अजिबात देऊ नका. तीच तर तुमचा पुरावा आहे. उघडलेल्या बाटलीचं बूच, लेबल, काच सगळं जपून ठेवा, दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका आणि बिलासोबत दारूच्या परमिटचा कागदही लावून ठेवा, कारण समोरचा वकील पहिल्यांदा तेच विचारणार.

टेस्ट होऊ शकते, आणि तुमचं साल त्यासाठी सोयीचं आहे. सीझियम-१३७ हे अणुस्फोटातून पसरलेलं किरणोत्सारी द्रव्य, १९४५ च्या आधीच्या वाईनमध्ये ते नसतंच, आणि हवेतल्या अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. फ्रान्सचे फिजिसिस्ट फिलिप युबेर यांनी बाटली न उघडता, काचेबाहेरूनच ते मोजायची पद्धत आणली. तुमच्या बाटलीत ते सापडायला हवं. नसेल तर दुकानदाराला उत्तर देणं अवघड आहे. सापडलं तर मात्र काळ जुळला एवढंच, लेबलवर ज्या शॅटोचं (म्हणजे वाईन बनवणाऱ्या इस्टेटचं) नाव आहे त्यांचीच वाईन हे त्यातून कळत नाही.

म्हणून सगळी केस लॅबवर टांगू नका. अमेरिकेतले श्रीमंत वाईन संग्राहक बिल कोक यांनी एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या म्हणून घेतलेल्या अठराव्या शतकातल्या बाटल्यांत युबेरना सीझियम सापडलं नाही, म्हणजे त्या १९४५ नंतरच्या आहेत असं म्हणता येईना, खोटेपणा कळला तो काचेवरची अक्षरं पॉवर टूलने कोरल्यासारखी दिसली म्हणून. बनावट वाईन विकणाऱ्या रुडी कुर्नियावानच्या केसमध्ये तर फ्रान्सच्या पोन्सो या वाईन बनवणाऱ्या घराण्याच्या नावावर अशा सालांच्या बाटल्या विकायला आल्या होत्या ज्या सालांत ते ती वाईन बनवतच नव्हते! त्याला २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. तुम्हीही बुचाचे आणि लेबलचे क्लोजअप फोटो काढून थेट शॅटोला ईमेल करा, आणि बाटलीवर भारतातल्या इम्पोर्टरचं नाव-पत्ता आहे का तेही बघा. नसेल तर तो वेगळाच मुद्दा झाला.

आता कायदा. खोटा माल खरा म्हणून विकणं म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधला 'स्प्युरियस' माल. तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा, रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. टेस्ट स्वतः करून आणायच्या भानगडीत पडू नका, कलम ३८ प्रमाणे आयोगच सॅम्पल सील करून योग्य लॅबला पाठवू शकतो, खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. साध्या फूड लॅबमध्ये सीझियमची एवढी बारीक मोजणी होत नाही, त्यामुळे कोणती टेस्ट हवी, सीलबंद बाटलीच का, हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी नेहमीचं अल्कोहोलचं प्रमाण मोजून रिपोर्ट देईल आणि तो तुमच्या काही कामाचा नाही.

मुदत २ वर्षं, आणि ती बिलाच्या तारखेपासूनच धरा. शॅटोचं उत्तर येईल मग बघू असं करू नका, कोक यांचा ऑक्शन हाऊसविरुद्धचा दावा २०१२ मध्ये अपिलातही उशिरा आला म्हणूनच फेटाळला गेला, संशय त्यांना बरीच वर्षं आधी आला होता आणि कोर्टाने मुदत तिथूनच मोजली. तुम्हाला तर बूच हातात आलं तेव्हाच संशय आलाय. या आठवड्यात दुकानाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवस द्या, त्यात इम्पोर्टचे कागद मागा, आणि उत्तर येवो न येवो, सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा.