प्रॅक्टिकल कोर्स मध्येच ऑनलाइन केला तर फी परत मागता येते का?

येते. मागाच. ‘शिकवलं तर आहे ना, मग कसली फी परत’ म्हणणारे तुम्हाला घरातच भेटतील. मला माझे मामा भेटले.

2020 मध्ये माझा वेल्डिंगचा कोर्स अर्ध्यावर आला असताना वर्कशॉप बंद झालं. तेव्हा सगळंच बंद होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेला अर्धा कोर्स मोबाइलवर व्हिडिओ दाखवून ‘पूर्ण’ केला आणि फीचा दुसरा हप्ता मात्र पुरा घेतला. ज्याने कधी होल्डर, म्हणजे रॉड पकडायचा चिमटा, हातात धरला नाही त्याला यात काय गेलं ते कळणार नाही. 3.15 मिलिमीटर जाडीचा वेल्डिंगचा रॉड, करंट शंभर-एकशेवीस अँपिअर, रॉडचं टोक आणि जॉब (म्हणजे जोडायचं लोखंड) यांत साधारण रॉडच्या जाडीएवढं अंतर. रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पुढे सरकता सरकता खालीही येत राहिला पाहिजे. जास्त जवळ नेला की चिकटतो, लांब गेला की आर्क, म्हणजे मधली विजेची ठिणगी, तुटतो. नवख्याला काळ्या काचेतून यातलं फारसं काही दिसत नाही, ते कानाने कळतं. अंतर बरोबर असलं की एकसारखी चरचर येते. आमचे सर पाठीमागून जाता जाता, जॉबकडे न बघता, ‘करंट कमी कर’ म्हणायचे. स्लॅग, म्हणजे जोडावर बसलेली खपली, फोडून बघावं तर कडेला अंडरकट, म्हणजे खाल्लेली खाच, असायचाच. व्हिडिओत त्या आवाजाची नुसती खरखर व्हायची आणि आर्कच्या जागी पांढरा डाग दिसायचा. उभा जोड मारायला मी सर्टिफिकेट हातात आल्यावर शिकलो, दुसऱ्याच्या शॉपमध्ये हेल्पर म्हणून राबून.

मामा म्हणाले, ‘कागद मिळाला ना? संस्थेशी वाकडं कशाला घेतोस?’ मामा, तुम्ही हे वाचत असाल तर पुन्हा सांगतो: मी कागदाची फी भरली नव्हती. माहितीपत्रकात वर्कशॉपचा फोटो होता, वेळापत्रकात प्रॅक्टिकलचे तास छापले होते, त्याची भरली होती.

तुमच्या अर्जातही नेमकं हेच लिहा. ‘शिकवणं वाईट होतं’ असं अजिबात लिहू नका. शिकवण्याचा दर्जा तपासणं हे आपलं काम नाही, असं म्हणून अमेरिकेतल्या कोर्टांनी 2020 नंतर तसे अनेक दावे बाजूला सारले. टिकले ते मुख्यतः ‘कबूल केलं होतं ते दिलं नाही’ असं म्हणणारे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रकरणात आधी फेटाळलेला दावा वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने 2022 मध्ये पुन्हा चालवायला लावला, तो याच मुद्द्यावर: प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचं आश्वासन होतं, असं विद्यार्थ्यांना म्हणता येतं.

दुसरं म्हणजे शिकवणी फी आणि बाकीची फी वेगळी मागा. कोलंबिया विद्यापीठाच्या खटल्यात शिकवणी फीची मागणी कोर्टाने फेटाळली होती, पण वापरताच न आलेल्या सोयींच्या फीचा मुद्दा पुढे चालू दिला. शेवटी 2021 मध्ये विद्यापीठाने सव्वा कोटी डॉलरवर तडजोड केली. मलाही वर्कशॉप आणि मटेरियलचे पैसे परत मिळाले, शिकवणी फी नाही. रॉड जळलाच नव्हता, त्याचे पैसे कशाचे, याला आमच्या संस्थेकडे उत्तर नव्हतं.

पावत्या, माहितीपत्रक, वेळापत्रक, ग्रुपवरचे सगळे मेसेज आजच जपून ठेवा. अर्ज लेखी द्या आणि सगळ्या बॅचने मिळून द्या. एकट्याला ‘बघू’ म्हणून परत पाठवतात.

एक सांगायचं राहिलं. वर्कशॉप सरकारी आदेशाने बंद असेल तर संस्थेची बाजू कच्ची नसते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या प्रकरणातल्या अपील कोर्टानेही हे बोलून दाखवलं होतं की महामारी आणि बंदीचे आदेश पुढे करून विद्यापीठाला वजनदार बचाव करता येईल. प्रवेशअर्जात ‘शिकवण्याची पद्धत बदलण्याचा हक्क राखून’ अशी ओळ असेल तर ती तुमच्यापुढे धरतीलच. पण पद्धत बदलणं वेगळं आणि प्रॅक्टिकल गाळणं वेगळं. बंदी उठल्यावर वर्कशॉप उघडून राहिलेले तास भरून दिले का, एवढं लेखी विचारा. आमच्या संस्थेने दिले नाहीत. पुढची बॅच मात्र त्याच मशिनवर बसवली.