टिड्लीविकीची सुरुवात करताना

जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली टिड्लीविकी ही ब्राउझरमध्ये उघडणारी नोंदवही, आणि ती म्हणजे एकच एचटीएमएल (वेबपानाची) फाइल असते. तुमच्या नोंदी आणि त्या चालवणारा जावास्क्रिप्ट भाषेतला प्रोग्राम दोन्ही तिच्यातच राहतात. त्यामुळे पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट एकच, ती म्हणजे जतन करणे. नोंदीवरील बरोबरच्या खुणेवर क्लिक केल्याने ती फाइलमध्ये उतरतेच असे नाही. बाजूपट्टीतील बटण लाल दिसत असेल, तर काम अजून जतन व्हायचे आहे. शिवाय ब्राउझरला मूळ फाइलवर लिहिण्याची मुभा नसल्यामुळे तो दर वेळी नवी प्रत डाउनलोड करतो, आणि नवखे लोक जुनीच प्रत उघडून नोंदी हरवल्या असे समजतात. नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बसवणे जमत असेल, तर टिड्लीविकी त्यावर चालवा: तिथे प्रत्येक नोंद स्वतंत्र फाइल म्हणून आपोआप जतन होते.

आणखी तीन चुका टाळा:

- एका नोंदीत सगळा विषय कोंबणे. नोंद लहान ठेवा आणि दुहेरी चौकटी कंसांनी दुसरीशी जोडा. ती दुसरी अजून लिहिलेली नसली तरी चालते.
- आधीच टॅगांची उतरंड रचणे.
- मोठी छायाचित्रे आत घालणे, फाइल फुगते.

फिल्टर (नोंदी निवडण्याची सूत्रे), मॅक्रो (पुन्हा पुन्हा वापरायचे मजकुराचे तुकडे) आणि प्लगइन (जोडून घ्यायच्या जादा सोयी) यांना, माझ्या मते, शंभरेक नोंदी होईपर्यंत हात लावू नये. प्रतींचा बॅकअप मात्र आजपासूनच ठेवा.